मालकिणीला सांगणे

तिने काउंटरवर गोठलेल्या मटारची पिशवी ठेवली आणि दुकानदार दोन पावलं मागे सरकला.

“हे काय?”

“बॅटरी. लॅपटॉपची.”

“मला तर मटार दिसतायत.”

“आत आहे ना ती! मामा म्हणाला, मेलेली बॅटरी एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवली की ठणठणीत होते. ठेवली. पण तो काढायलाच विसरला... चार दिवसांनी बघतो तर मटार चिकटलेले.”

दुकानदाराने डोळे मिटले, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि पुन्हा उघडले.

“नंतर चार्जिंगला लावली नाहीत ना?”

“लावली की. पुसून.”

“कशाने पुसून?”

“मामाच्या रुमालाने. तरी चालेना, म्हणून त्याने परत फ्रीझरमध्ये ठेवली.”

“मॅडम,” तो शांतपणे म्हणाला, “तुमच्या घरातली सगळी माणसं आज धडधाकट आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे. गारठलेल्या बॅटरीवर घरातल्या हवेचं पाणी जमतं. ते आत गेलं आणि वरून वीज सोडली, तर काय होईल? मामांना माझा नमस्कार सांगा.”

खरं तर तिला राग यायला हवा होता. नाकावर राग घेऊनच फिरायची ती. पण हा माणूस बोलता बोलता जाड हातमोजे चढवून एकेक मटार चिमट्याने सोडवत होता आणि सोडवलेला मटार बशीत ओळीने मांडत होता. अशा माणसावर ओरडायचं तरी कसं?

बाजारात त्याला सगळे जपूनराव म्हणत. वय जेमतेम तिशीचं, पण दर दोन वाक्यांमागे ‘जपून’ म्हणायची खोड. पायरी चढणाऱ्याला ‘जपून’, गरम चहा उचलणाऱ्याला ‘जपून’, फोन ठेवतानासुद्धा ‘बरं मग, जपून’. दुकानाची पाटीही त्याने जपूनच लिहिली होती — ‘जुन्या बॅटऱ्या तपासून मिळतील.’ दुरुस्त करून मिळतील असं लिहायची काही त्याची छाती झाली नव्हती.

“चालेल ना पण ती?” तिने विचारलं.

“बघू.”

“शनिवारच्या आत?”

“आज सोमवार. बघू.”

“बघू म्हणजे हो का नाही?”

“बघू म्हणजे... बघू.”

आता शनिवारचं एवढं काय, ते सांगायला हवं. ही मुलगी पियानो सुरात लावायची. तिचे सर शहरातल्या मोठ्या सभागृहाचे चार पियानो तीस वर्षं सांभाळत होते. म्हातारपणी ते मुलीकडे राहायला गेले आणि जाताना तीन वस्तू हिच्या ओटीत टाकून गेले. तार पिळायची चावी, सूर धरायचा नादकाटा आणि एक जुनाट लॅपटॉप. लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम होता. तार छेडली की पडद्यावर सुई हलायची. सुई मधोमध आली की तार सुरात. तो प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याच लॅपटॉपवर चालेना. आणि हा लॅपटॉप विजेच्या वायरीला जोडला की असा काही गुणगुणायचा, की तारेऐवजी स्वतःचंच ऐकून सुई सैरभैर व्हायची. म्हणून बॅटरी हवी. तसल्या बॅटऱ्या बनायच्या बंद होऊन जमाना झाला होता.

शनिवारी संध्याकाळी सभागृहात मोठा कार्यक्रम होता. वाजवणाऱ्या बाई म्हणजे तिखट कानांच्या. दुपारी बारा वाजता त्या पियानो तपासणार, आणि सरांचं काम हिच्याकडे द्यायचं की बाहेरगावच्या कंपनीकडे, ते तिथल्या तिथे ठरवणार.

“कानाने नाही का लावता येत?” जपूनरावाने विचारलं.

“सर लावायचे.” ती खाली बघत म्हणाली. “मला... सुई लागते.”

हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, मामालासुद्धा नाही. आणि सांगितलं कोणाला, तर मटार निवडणाऱ्या या परक्या माणसाला! तिचं तिलाच नवल वाटलं.

त्याने चिमटा बाजूला ठेवला. बॅटरी चहूबाजूंनी बोटाने चाचपली. “फुगलेली नाही. फुगली असती तर जन्मात चार्जिंगला लावली नसती. आज पंख्याखाली वाळू दे. उद्या दहा वाजता या.”

“मी कशाला?”

त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — ‘चार्ज होणारी बॅटरी एकटी सोडू नये. ज्याची बॅटरी त्याने सोबत बसावे.’

“मी एकटा. जेवायला जातो, गिऱ्हाईक येतं. अशा वेळी तिच्याजवळ कोणीतरी लागतं.”

“आजारी माणसाजवळ बसतात तसं?”

“आजारी माणूस पेट घेत नाही.”

मंगळवारी ती आली तेव्हा सगळा थाट मांडून तयार होता. मधोमध टेबल, टेबलावर चिनी मातीची फरशी, फरशीवर बॅटरी, बॅटरीला चिकटवलेला तापमापक. टेबलाच्या दोन बाजूंना दोन स्टुलं आणि शेजारी वाळूने भरलेली लाल बादली. ‘बॅटरी क्रमांक ४१’ असं डोक्यावर लिहिलेलं एक रजिस्टर. अगदी हळू, थेंब थेंब वीज सोडायची आणि दर दहा मिनिटांनी तापमान लिहायचं. पूर्ण भरली की थांबायचं, वापरून उतरवायची, आराम द्यायचा, पुन्हा भरायची. अशा तीन फेऱ्या.

“ही वाळू कशाला?”

“पेटली तर.”

“आणि नाही पेटली तर?”

“तर वाळू आहेच.”

ती खुदकन हसली. त्याने घड्याळ बघून तापमान लिहिलं, पण लिहिताना त्याची पेन्सिल मोडली.

“खरं सांगा,” ती टेबलावर कोपरं टेकत म्हणाली, “आयुष्यात एखादी गोष्ट न तपासता केलीय तुम्ही?”

त्याने प्रश्न फार मनावर घेतला. एक नोंद झाली, दुसरी झाली. तिसऱ्या नोंदीच्या वेळी तो म्हणाला, “एकदा न बघता जिना उतरलो होतो.”

“मग?”

“पाय मोडला.”

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तोही हसला — आधी जरा घाबरत, मग मोकळा. हसला की याच्या उजव्या गालाला खळी पडते, हे तिने रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, पण नोंद मात्र केली.

“तुमचा पंखा बेसूर आहे हो,” निघताना ती म्हणाली. “एक पातं जड आहे. दर फेरीला सूर खाली ओढतो.”

बुधवारी आली तर पंखा खाली उतरवून, पुसून, तेल घालून परत लावलेला.

“आता?”

तिने मान वाकडी करून ऐकलं. “कालपेक्षा बरा. पण अजून... अगदी केसभर खाली.”

तो मुकाट्याने शिडीवर चढला. पात्यामागे कागदाची घडी चिकटवली. “आता?”

“आता झाला सुरात!”

“सुई न लावता कळलं तुम्हाला,” तो शिडीवरूनच म्हणाला.

“अहो, पंखा आहे तो. पियानो नव्हे.”

तो पुढे काहीतरी बोलणार होता. ओठसुद्धा हलले. पण मग ‘आत जरा बघून येतो’ म्हणून आतल्या खोलीत गेला. बुधवारपासून त्याला हे नवीनच लागलं होतं. दर अर्ध्या तासाने आत जायचं. येताना केस विंचरलेले असायचे, म्हणून तिला वाटलं आत आरसा असावा. तिला त्याची गंमत वाटली. आणि गुरुवारी ती स्वतःही दारावरच्या काचेत बघून केस सारखे करून आत शिरली, त्याची मात्र वाटली नाही.

बॅटरी तर काय, सोन्यासारखी वागत होती. सव्वीस. सव्वीस. सव्वीस. तापमान काही हलेना.

“किती गुणी आहे ना?” ती म्हणायची. “गरमच होत नाही.”

“हं,” तो म्हणायचा आणि आत जायचा.

गुरुवारी मामा भाचीला न्यायला आला. बाहेर पावसाची भुरभुर होती, तर जपूनरावाने त्याला ओली छत्री बाहेरच ठेवायला लावली. मामाने चष्मा कपाळावर चढवून बॅटरीकडे पाहिलं, मग जपूनरावाकडे, मग भाचीकडे. आणि पुन्हा जपूनरावाकडे, जरा जास्त वेळ.

“काय हो, माझी भाची चार दिवस घरात टिकत नाही. बॅटरीची तब्येत तरी कशी आहे?”

“स्थिर आहे,” जपूनराव म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

“मी म्हणतो, एकदा कोमट पाण्यात—”

“मामा!” दोघं एकदम ओरडले.

“ओरडता काय? नुसतं म्हटलं,” मामा म्हणाला. वाटेत मात्र तो भाचीला म्हणाला, “मुलगा घाबरट आहे, पण बरा आहे.” तिने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि घरापर्यंत गुणगुणत आली.

शुक्रवारी दुपारी जपूनराव जेवायला गेला. नोंद लिहिता लिहिता तिच्या हातून पेन्सिल निसटली आणि टेबलाखाली घरंगळली. ती वाकली. वाकली ती तशीच राहिली. बॅटरीची वायर टेबलावरून खाली आली होती आणि तिचं टोक जमिनीवर पडलं होतं, मोकळं. ना कुठल्या यंत्राला जोडलेलं, ना भिंतीला.

तिने रजिस्टर ओढलं. आदली पानं मोठ्या चिमट्याने एकत्र बांधलेली होती. ती त्यांच्याकडे कधी वळलीच नव्हती. तिने चिमटा काढला.

‘मंगळवार, सायंकाळी ६. आराम दिल्यावर मोजले. आतला एक सेल गेला आहे. पुन्हा भरणे धोक्याचे. बॅटरी पूर्ण रिकामी केली. मालकिणीला सांगणे.’

‘बुधवार. मालकिणीला सांगणे. पंखा दुरुस्त केला.’

‘गुरुवार. मालकिणीला सांगणे (आज नक्की). मामा आले. सांगायचे राहिले.’

‘शुक्रवार सकाळ. दोन गोष्टी सांगणे. १) बॅटरी गेली. २)’

दोनच्या पुढे काहीतरी लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं, आणि त्याखाली बारीक अक्षरात, ‘आधी १ सांगू.’

म्हणजे तीन दिवस! तीन दिवस ती एका मेलेल्या बॅटरीचा ताप बघत बसली होती. गुणी म्हणे, गरमच होत नाही! उद्या बारा वाजता बाई येणार आणि हिच्या हातात काय? नादकाटा.

तो दारात आला आणि तिच्या हातातलं उघडं रजिस्टर बघून जागच्या जागी थिजला.

“मी... मी सांगणार होतो.”

“कधी? पुढच्या सोमवारी?”

“तुम्ही इतक्या आशेने... आणि सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता... म्हणजे तसं नाही, आतल्या खोलीत मी—”

“जा मग आतल्या खोलीत! केस विंचरा!” तिचा आवाज चिरकला. “अहो, माझं सगळं काम यावर होतं. तुम्हाला माहीत होतं ते. सगळ्या जगाला जपून जपून म्हणता आणि मला...”

ती बाहेर पडली. डोळे पुसत तिठ्यापर्यंत गेली आणि तिथे तिच्या लक्षात आलं, की जाताना पायरीवरून त्याने हाक मारली होती ती ‘थांबा’ अशी नव्हती. ‘जपून’ अशी होती. तिला आणखीच रडू आलं.

शनिवारी सकाळी आठला ती सभागृहात होती. एवढं मोठं सभागृह, रिकाम्या खुर्च्या आणि मंचावर तो काळा पियानो. तिने लॅपटॉप भिंतीला लावून बघितला. घूंऽऽ. सुई येड्यासारखी नाचायला लागली. तिने झाकण बंद केलं आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिली. मामाला फोन करावा का? पण मामा काय सांगणार, पियानो फ्रीझरमध्ये ठेव?

आणि त्या पाच मिनिटांत तिला पंखा आठवला. केसभर खाली. कागदाची घडी. सुई न लावता कळलं तुम्हाला... कळलं होतं खरं. सुई कुठे होती तिथे?

तिने नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि पहिली तार पिळायला घेतली. दोन सूर जुळत नसले की मधे एक डोल ऐकू येतो, ववव... ववव... सर सांगायचे, तो डोल विझेपर्यंत पिळ. ती पिळत गेली. डोल मंद झाला... आणखी मंद... आणि विझला. तिच्या अंगावर काटा आला.

साडेदहाच्या सुमारास दाराशी गडबड ऐकू आली.

“बादली कशाला?” वॉचमन विचारत होता.

“वाळू आहे. आग विझवायला.”

“आग कुठे आहे?”

“अजून नाही.”

बघते तो काय, मधल्या वाटेने जपूनराव येत होता. एका हातात लाल बादली, काखेत रजिस्टर, छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी धरलेलं. डोळे तारवटलेले.

“दुसरी बॅटरी आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “तुमच्याच जातीची. एका दातांच्या डॉक्टरांच्या भंगारात सापडली. बुधवारपासून आत तिच्याच फेऱ्या चालू होत्या. तिसरी आज सकाळी झाली. चारही सेल चांगले. पण इथे सगळं लाकूड आहे, म्हणून वाळू...”

तिला उठून त्याच्याकडे जावंसं वाटलं. पण हातात चावी होती, मधलं सप्तक अर्धं झालं होतं, आणि कानात एक डोल विझता विझता राहिला होता.

“हलू नका,” ती म्हणाली. “अजिबात आवाज नको. बादलीचासुद्धा नाही.”

तो जिथे होता तिथे उभा राहिला. ती वळली आणि त्याला विसरली. खरंच विसरली. वरच्या तारा, खालच्या तारा, पुन्हा एकदा मधल्या. शेवटचा सूर जुळला तेव्हा बाराला पाच कमी होते. ती घाम पुसत वळली, तर जपूनराव तसाच उभा! वाळूने भरलेली बादली हातात. खाली ठेवली तर कडी वाजेल, म्हणून जवळजवळ दीड तास त्याने ती खाली ठेवली नव्हती. दुसऱ्या हातात घ्यावी, तर तिथे बॅटरी.

ती काही बोलणार तेवढ्यात बाई आल्या. थेट पियानोपाशी जाऊन बसल्या आणि वरपासून खालपर्यंत वाजवत गेल्या.

“यंत्र कुठलं वापरलंस?” बाईंनी विचारलं.

“कान,” ती म्हणाली. “म्हणजे... बॅटरी गेली होती.”

“बरं झालं गेली ते. वरून तिसरी पट्टी जराशी चढली आहे, तेवढी उतरव. सोमवारपासून चारही पियानो तूच बघ.” बाई उठल्या, चष्म्यावरून मागे पाहिलं. “आणि हा बादलीवाला कोण?”

“माझा आहे,” तिच्या तोंडून गेलं.

बाई हसत निघून गेल्या. ती मंचावरून उतरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“ठेवा की खाली आता.”

त्याने वाकून बादली ठेवली, पण बोटं काही उघडेनात. कडीच्या आकाराची वाकडी झाली होती. तिने त्याच्या छातीशी धरलेली बॅटरी काढून घेतली आणि अलगद पर्समध्ये ठेवली.

“मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे,” ती म्हणाली. “पहिली गोष्ट मला वाचून कळली. दुसरी काय होती?”

त्याने काखेतलं रजिस्टर काढायचा प्रयत्न केला. “लिहून दाखवतो... पण बोटं...”

“मग तोंडाने सांगा.”

“म्हणजे तसं... आधी नीट...”

“बघू म्हणालात तर बघा!”

त्याने एक मोठा श्वास घेतला. “मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “हे मी तपासलेलं नाही. तपासावंसं वाटलंच नाही.”

वॉचमनने दाराशी खुर्ची सरकवली. केवढी मोठी वाजली! ती मान वाकडी करून ऐकत राहिली, जणू त्याच्या वाक्यात कुठे डोल उरलाय का ते बघत होती.

“बरं,” ती म्हणाली. “बघू.”

“बघू म्हणजे हो का नाही?”

“बघू म्हणजे... बघू.”

त्याचा चेहरा एवढा पडला, की तिला हसू आवरेना. तिने त्याचा तो वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चोळून सरळ करायला घेतलं. आधी अंगठा, मग पहिलं बोट, मग मधलं. करंगळीपर्यंत आली, तीही सरळ झाली. तरी तिने हात सोडला नाही.

“सोमवारी दहाला ये,” ती म्हणाली. “चार पियानो आहेत. वाळू घरी ठेव.”